शिसे आणि यकृत : रक्तातील साक्ष

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही पुरावा कागदपत्रांत शोधतो. प्रयोगशाळा तो रक्तात शोधते. उंदरांना पाण्यातून सातत्याने लेड ॲसिटेट हा शिशाचा क्षार दिल्यास यकृताच्या पेशींना इजा होते. एरवी पेशींत राहणारी एएलटी व एएसटी ही विकरे, म्हणजेच एन्झाइम, रक्तात पाझरतात. तेथील त्यांची वाढ ही हानीची खूण ठरते. उलट, हीम घडविण्यास आवश्यक असलेल्या ‘अलाड’ या विकरातील जस्ताची जागा शिसे बळकावते आणि त्याचे कार्य मंदावते. बालकांचे शरीर प्रौढांपेक्षा अधिक शिसे शोषते. आहारात लोह वा कॅल्शियम कमी असल्यास आणखीच. म्हणून वसतिगृहातील जुन्या रंगाचे पोपडे आणि मुलांचे ताट, दोन्हींकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.