व्हॉल्व्ह तापेपर्यंत

माळ्यावरचा जुना रेडिओ खाली आला, धूळ झटकली, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "लावून तर बघा, चालतो का!" नेमकं तेच करायचं नसतं. कित्येक वर्षं वीज न पाहिलेला व्हॉल्व्हचा सेट थेट २३० व्होल्टला जोडला, तर एखादा कंडेन्सर बदलून सुटणारा प्रश्न काही मिनिटांत ट्रान्सफॉर्मर जळण्यापर्यंत जातो. कंडेन्सर आजही कुठेही मिळतो. त्या सेटला नेमका बसणारा ट्रान्सफॉर्मर मात्र लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत शोधत हिंडावं लागतं, आणि तरी तो मिळेलच असं नाही.

ठाण्यात तयार होणारा मर्फी, त्याशिवाय फिलिप्स, बुश, जीईसी, नॅशनल एको हे सेट पन्नास-साठच्या दशकांत आपल्याकडच्या दिवाणखान्यांत होते. पोस्टात जाऊन त्यांचं लायसन्स काढावं लागे. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली असे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरची गीतमाला, १९५७ पासून विविध भारती, असं बरंच काही या सेटांतून घराघरांत पोचलं. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि हे अवजड सेट माळ्यावर गेले. बिघडल्यामुळे गेले असं नाही. बरेचसे चालू स्थितीतच ठेवून दिले गेले.

मागचा पुठ्ठा काढला की आधी व्हॉल्व्हच्या काचेवरची अक्षरं वाचावीत. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी 'ई'ची माळ असेल तर हीटर ६.३ व्होल्टचे, आणि सेटमध्ये बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मर असतो. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी 'यू'ची मालिका दिसली की सावध व्हावं. हे एसी-डीसी सेट. काही शहरांच्या जुन्या भागांत तेव्हा डीसी वीज होती, म्हणून ते बिनट्रान्सफॉर्मरचे केले. त्यांच्यात सगळे हीटर एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. दिवाळीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखा एक गेला की सगळे विझतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चासी थेट मेन्सच्या एका वायरीला जोडलेली असते. पिन उलटी बसली तर चासीवर फेज येतो, आणि बटन निघालेलं असेल तर त्याच्या उघड्या दांड्यावरही. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून चालवू नये, हे मी प्रत्येक नवशिक्याला बजावून सांगतो. इतर सेटांतही प्लेटला अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज टिकून राहतो, म्हणून आधी रेझिस्टर लावून तो उतरवायचा, मीटरने खात्री करायची, आणि मगच हात घालायचा.

लोक पहिला संशय व्हॉल्व्हवर घेतात. ते दिसतात, तापतात, काचेचे असतात, म्हणून असेल. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे. काचेच्या आत चांदीसारखा चकचकीत थर असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह संपला. तसं नसेल तर तो बहुतेकदा अजून कामाचा असतो. झिजतात ते जास्त करून रेक्टिफायर आणि आउटपुटचे. खरे गुन्हेगार चासीच्या पोटात, मेण लावलेल्या कागदी नळ्यांच्या रूपात बसलेले असतात. कागदाचे हे कंडेन्सर दमट हवेत ओल धरतात, आणि डीसी अडवायचं सोडून गळू लागतात. कोकणातल्या घरांतून आलेल्या सेटमध्ये तर हे गृहीतच धरावं.

त्यातला एक सगळ्यांत घातक. पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटपासून ईएल ८४च्या ग्रिडपर्यंत आवाज पोचवणारा, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर. त्यानं फक्त आवाज पुढे सोडायचा, प्लेटचा डीसी रोखायचा. तो थोडा जरी गळला तरी ग्रिड पॉझिटिव्ह होते, व्हॉल्व्हमधून भरमसाट करंट वाहतो, प्लेट लालबुंद होते, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी वाइंडिंग तुटतं. गंमत म्हणजे हे होत असताना रेडिओ वाजत असतो, थोडा फाटक्या आवाजात. ऐकणाऱ्याला वाटतं, वयानं घसा बसला असेल. तपासणी सोपी आहे: ईएल ८४ काढून ठेवायचा, सेट चालू करून त्या ग्रिडच्या पिनेवर डीसी व्होल्टेज मोजायचं. शून्य हवं. एक-दोन व्होल्ट दिसले तरी तो कंडेन्सर गेला. मी मात्र मोजत बसण्यापेक्षा ६३० व्होल्टचा नवा पॉलिएस्टर आधीच बसवतो. इलेक्ट्रोलाइटिकही वाळलेले असतात. त्यांच्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे चालतात. मोठी किंमत घातली की गुणगुण आणखी कमी होईल म्हणून पहिला फिल्टर शंभरचा लावू नये. ईझेड ८० पन्नासच्या वरचा भार सोसत नाही.

मग वीज द्यायची, तीही सिरीज बोर्डमधून, साठ किंवा शंभर वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. सिरीज बल्ब शॉकपासून वाचवत नाही, एवढं ध्यानात असू द्यावं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट शांतता असते. ती संपायच्या आत बटनं पिळू नयेत.

काहीच वाजलं नाही तर स्पीकरकडून मागे सरकत जायचं. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरचं पातं टेकवलं, दांडी इन्सुलेटेडच हवी, आणि स्पीकर घुमला, तर पुढचा ऑडिओ भाग ठीक. दोष अलीकडे, रेडिओच्या भागात. तिथे ऑसिलेटर चालतो का हे बघायला एक छान युक्ती आहे. व्हॉल्व्हचा सेट पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झवर ठेवायचा आणि जवळ एक ट्रान्झिस्टर ठेवून त्याचा काटा १२४७च्या आसपास फिरवायचा. ७९२ मध्ये इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीचे ४५५ मिळवले की तेवढेच होतात. तिथे खरखर दबली किंवा शीळ आली, आणि व्हॉल्व्हच्या सेटचा काटा हलवल्यावर ती जागाही सरकली, की ऑसिलेटर जिवंत आहे. नसेल तर बँड स्विचचे काळे पडलेले संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करावेत. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. आयएफटीच्या, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरच्या, कोरना मात्र हात लावू नये. ते सैल पडलेले स्क्रू नव्हेत. कारखान्यात मोजून जुळवलेले असतात. कुणीतरी ते "घट्ट" केलेले सेट दुरुस्त करणं सर्वांत जिकिरीचं.

हल्ली असे सेट पोकळ करून आत ब्लूटूथ बसवून विकतात. मला ते पाहवत नाही. लाकडी खोकं तेवढं उरतं, आणि पुन्हा वाजू शकला असता असा एक सेट कायमचा जातो.

सगळं जुळल्यावरही मीडियम वेव्हवर घरघर येत राहिली, तर सेट पुन्हा उघडण्याआधी घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि वायफायचा अडॅप्टर एकेक करून बंद करून पाहावेत. हा रेडिओ घडला तेव्हा यातलं काहीच घरात नव्हतं. तरीही आवाज क्षीण राहिला तर गच्चीवर वीसेक फूट तार टाकावी.