चेरीचं झाड थंडी मोजतं

इंग्लंडहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आलाय. घरामागे छोटं अंगण आहे, तिथे फुलांची चेरी लावायचीय. आणि तसंच एक रोप बॅगेतून पुण्याला, आईसाठी नेता येईल का? प्रश्न दोन, पण दोन्हींचं उत्तर थंडीपाशी येतं.

चेरीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. शरदात पानं गळतात आणि कळ्या झोपी जातात. समजा, झाडात एक काउंटर आहे. साधारण ० ते ७ अंशांत गेलेले तास तो मोजतो. जातीप्रमाणे काही शेकडा तास भरले, की मगच वसंतातल्या उबेचा उपयोग. काउंटर भरला नाही तर ऊन कितीही पडो, कळ्या उशिरा आणि अर्धवट फुलतात, किंवा फुलतच नाहीत.

इंग्लंडमध्ये थंडीची चिंता नाही, चिंता जागेची. तिथे रस्त्याकडेला दिसणारी गडद गुलाबी ‘कान्झान’ १० मीटरपर्यंत वाढते. छोट्या अंगणासाठी ‘कोजो-नो-माई’ बघा. ही जपानच्या फुजी पर्वताच्या परिसरातल्या फुजी चेरीची जात. उंची दोन-अडीच मीटर, तीही सावकाश. फांद्या नागमोडी. मार्चच्या सुमारास फिकट गुलाबी फुलं, शरदात नारिंगी-लाल पानं. मोठ्या कुंडीतही चालते.

लावायची कशी? जागा उन्हाची हवी आणि पाणी तुंबणारी नको, कारण ओल्या चिखलात मुळं कुजतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण खोली गोळ्याएवढीच. रोप कलमी असेल तर कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिली दोन वर्षं कोरड्या दिवसांत भरपूर पाणी द्या. कुंडीतल्या झाडाला तर दर उन्हाळ्यात द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, छाटणी. बरीच झाडं हिवाळ्यात छाटतात, चेरी नाही! ‘सिल्व्हर लीफ’ नावाची बुरशी शरद-हिवाळ्याच्या दमट हवेत ताज्या कापातून आत शिरते. पानं चंदेरी दिसू लागतात, फांद्या वाळतात, कधी अख्खं झाड जातं. शिवाय हिवाळ्यात फांदी कापली म्हणजे तयार कळ्याही कापल्या. म्हणून फुलं संपल्यावर, जून-जुलैतला कोरडा दिवस बघून छाटा. तेही मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, बस्स.

आता पुणे. थंडीत पुण्यात काही रात्री पारा १० च्या खाली जातो, पण दुपारी तो तिशीच्या आसपास असतो. अशी उबदार दुपार रात्री जमलेली थंडीही थोडीफार पुसून टाकते. काउंटर भरायचा कसा? त्यात परदेशातून रोप आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. बॅगेत गुपचूप घालून आणायची ती वस्तूच नाही, कारण मातीसोबत कीड आणि रोगही येतात.

‘पण शिलाँगला तर चेरी फुलते की!’ फुलते, नोव्हेंबरमध्ये. ती हिमालयातली रानचेरी, आयुर्वेदातलं पद्मक. जात वेगळी, डोंगराळ हवा वेगळी.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘साकुराच्या बिया’? या शोभेच्या जाती कलमानेच वाढवतात. बीपासून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. पुण्यात पैसे त्यावर घालवू नका, रक्तकांचन लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं येतात, आणि त्याला कडाक्याची थंडी लागत नाही.

तुमच्या गावात पानं गळाल्यावर कोणतं झाड फुलतं? व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!