नाव जिथं थांबत नाही…

काशीला गेलेली मराठी मंडळी दशाश्वमेध घाटावर नावेत बसतात. नावाडी एकेक घाट दाखवत जातो. मणिकर्णिकेच्या चिता दिसल्या की सगळे हात जोडतात, आणि बहुतेक नावा तिथूनच मागं वळतात. पुढं काय आहे, हे कुणी विचारत नाही. खरं तर मराठी माणसानं पुढंच जायला हवं!

मणिकर्णिका मागं पडली की एकापाठोपाठ एक ओळखीची नावं लागतात. शिंद्यांचा सिंधिया घाट, नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट, अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट. मग येतो बाला घाट, आणि त्याला लागून पंचगंगा. इथल्या पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत. गुडघे कुरकुरतात. पण वर गल्लीत मंगला गौरीचं देऊळ आहे. श्रावणातल्या मंगळवारी आपल्याकडच्या नव्या नवऱ्या जिची पूजा करतात, ती मंगळागौर या नावानं काशीत नांदते ती इथं.

देऊळ मोठं नाही. काशीतल्या नऊ गौरींपैकी ही एक. चैत्री नवरात्रात आठवा दिवस हिच्या दर्शनाचा. काशीखंडातली कथा अशी की, सूर्यानं या जागी शंकराचं लिंग आणि मंगला गौरी स्थापून घोर तप केलं. त्या तपात त्याला आलेल्या घामाचीच किरणा नदी झाली. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्या इथं मिळतात, म्हणून ही पंचगंगा. डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. सूर्यानं स्थापलेलं गभस्तीश्वराचं लिंग देवीच्याच देवळात आहे.

आपल्याकडं मंगळागौरीला सहसा नवरीची माहेरहून आलेली अन्नपूर्णा मांडतात. सोळा पत्री वाहायच्या, रात्र झिम्मा-फुगडीनं जागवायची. काशीत एवढा थाट नाही. मुलींची लग्नं ठरत नाहीत, पत्रिकेत मंगळ निघाला, अशा काळज्या घेऊन आयाबाया मंगळवारी येतात. एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. तिथल्या बायकांचे मंगळवार निम्मे सरले, की मग आपल्या पंचांगातला पहिला उजाडतो. त्यामुळं देवीच्या वाट्याला एक नव्हे, दीड श्रावण येतो!

पंचगंगेवरच्या पायऱ्यांचा संबंध गंगालहरीशी जोडतात. पंडितराज जगन्नाथ वरच्या पायरीवर बसले, एकेक श्लोक म्हणत गेले आणि बावन्न श्लोकांबरोबर गंगा बावन्न पायऱ्या चढून आली, अशी आख्यायिका. दशहऱ्यात मराठी घरांतून गंगालहरी म्हणतात, ती हीच.

घाटाच्या माथ्यावर पूर्वी बिंदुमाधवाचं भव्य मंदिर होतं. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएनं 1665 मध्ये ते पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. पुढच्या काही वर्षांतच औरंगजेबाच्या काळात ते पाडलं गेलं आणि त्या जागी मशीद उभी राहिली. गंमत अशी, की मशिदीच्या उंच मिनारांना लोक ‘बेनीमाधवाचा धरहरा’च म्हणत राहिले. जेम्स प्रिन्सेपनं एकोणिसाव्या शतकात त्यांची डागडुजी केली होती. 1948 मध्ये एक मिनार कोसळला, दुसरा धोक्याचा म्हणून उतरवला गेला. बिंदुमाधवाला पुन्हा घर दिलं ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी. शेजारच्याच गल्लीतलं हे देऊळ बाहेरून देऊळ वाटतच नाही.

बाला घाटावरच्या बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून शहनाईचा रियाज करत. 2006 मध्ये ते गेले. भारतरत्न मिळालेला हा कलावंत जगभर फिरला, पण गंगा आणि बालाजी सोडून कुठं कायमचं राहायला मात्र तयार झाला नाही.

पुढं दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट हा पिढ्यान् पिढ्यांचा मराठी मुलूख. नाना फडणविसांचा वाडा इथलाच, आंग्र्यांचा वाडाही इथलाच. अठराव्या शतकात हे घाट दगडात बांधले गेले ते बऱ्याच अंशी मराठी पैशानं. आज गल्लीत वाड्यांची नावं ऐकू येतात, मराठी बोलणं शोधावं लागतं. दगड टिकले, बोली विरळ झाली. आणि जी माणसं हे सगळं आपलं म्हणून पाहायला हवीत, ती मणिकर्णिकेवरूनच परत फिरतात…

पंचगंगेवर अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ आहे. हजार दिव्यांचा म्हणून त्याला ‘हजारा’ म्हणतात. कार्तिकात घाटावर उंच बांबूंना टोपल्या टांगून त्यांत आकाशदिवे लावतात, आणि पौर्णिमेला हा स्तंभ उजळतो. त्या रात्री काशीत पाय ठेवायला जागा नसते. शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, पैठणच्या एकनाथांचं मराठी भागवत काशीतच पूर्ण झालं, तेही कार्तिकी पौर्णिमेलाच. दिवे बघायला आलेल्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असतं, कोण जाणे!

जायचंच असेल तर नावेत बसतानाच नावाड्याला पंचगंगेचं सांगून ठेवावं, भाडंही तेव्हाच ठरवावं. श्रावणात मात्र नावेचा भरवसा धरू नये. गंगेला पूर आला की नावा बंद होतात, पायऱ्या पाण्याखाली जातात. अशा वेळी चौखंब्याच्या गल्ल्यांतून चालत जायचं. गल्ल्या अरुंद, वळणांना अंत नाही. कोणत्याही दुकानदाराला ‘मंगला गौरी’ म्हणून विचारलं, की तो हात करून वाट दाखवतो.