टॉवर नसलेल्या शिवारातले दप्तर

15 ऑगस्ट 2021 रोजी महाराष्ट्र शासनाने ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली, आणि ज्या पेऱ्याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याने, किंवा आमच्या वऱ्हाडात म्हणायचे तर पटवाऱ्याने, घ्यावयाची, ती खातेदाराने स्वतः बांधावर उभे राहून, पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह काढून मोबाइलवरून करावी, अशी नवी वहिवाट पडली. शिवारात नेटवर्क नसल्यास भरलेला मजकूर मोबाइलमध्येच राहू द्यावा आणि नेटवर्कच्या टापूत आल्यावर रवाना करावा, अशी मुभाही तीत होती. गाव नमुना 12 चे दप्तर असे खातेदारांच्या खिशात आले. पण नेटवर्कवाचून चालणारे ॲप म्हणजे नेमके काय, याविषयी बांधावरच्या शेतकऱ्याचे आणि असली ॲपे बनवून घेणाऱ्या संस्थांच्या अधिकाऱ्यांचे समज अजूनही निरनिराळे, आणि बरेचसे चुकीचे, आहेत.

एका खरिपात घाटंजी तालुक्यातल्या एका परिचिताच्या शेतात मी त्यांच्याबरोबर उभा होतो. पऱ्हाटी कमरेला लागलेली, पायाखाली काळी चिकण माती, आणि मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यातल्या रेघांवर फुली. त्यांचा पुतण्या म्हणाला, "काकाजी, इथं टॉवरच नाही, मंग थे जागा कशी घेईन?" काकाजींनी माझ्याकडे पाहिले, आणि दोघेही घराकडे वळू लागले. हा समज इतका सार्वत्रिक आहे की, शिकलेली माणसेही नेट बंद पडताच जीपीएस बंद पडले असे धरून चालतात. वस्तुतः जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून आपापली वेळ आणि स्थान अखंड उच्चारीत असतात. मोबाइल ते केवळ ऐकतो, निदान चार उपग्रहांचे ऐकून आपली जागा स्वतःच मांडतो, आणि उलट एक अक्षरही बोलत नाही. नेटमुळे होते ते एवढेच, की कोणता उपग्रह आकाशात कोठे आहे याचा तक्ता आयता मिळून पहिली जागा चटकन लागते. तो तक्ता उपग्रहांकडूनच घ्यावा लागला तर अर्धे मिनिट, कधी काही मिनिटे, उघड्या आभाळाखाली थांबावे लागते. नकाशाचे रंगीत चित्र मात्र, ते आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेले नसेल तर, नेटवाचून उमटत नाही, आणि ते दिसले नाही म्हणजे जागाच लागली नाही असे माणूस समजतो. आम्ही थांबलो, थोड्या वेळाने आकडे आले.

या गोष्टीची याहून भारदस्त साक्ष आमच्याच जिल्ह्यातल्या एका वाघाने दिलेली आहे. टिपेश्वर अभयारण्यात 2019 साली गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधलेला हा तरुण वाघ त्याच वर्षी घर सोडून निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातून सुमारे 3,000 किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची जागा तासातासाला टिपली गेली ती वाटेत कोणत्या गावी मोबाइलचा टॉवर होता म्हणून नव्हे. जागा कळणे ही एक क्रिया आणि ती दुसऱ्याला कळवणे ही सर्वस्वी वेगळी क्रिया, हा भेद ज्याला उमगला त्याला ऑफलाइन ॲपचे निम्मे शास्त्र उमगले असे मी समजतो.

उरलेले निम्मे हिशेबनिशीचे आहे. पुष्कळ संस्थांचा असा ग्रह असतो की, आधी नेटवर चालणारे ॲप तयार करावे आणि मग शेवटच्या महिन्यात त्याला 'ऑफलाइन'ची जोड द्यावी, म्हणजे पाहिलेली पाने मोबाइलमध्ये साठतील आणि काम भागेल. परंतु पाहिलेले पान साठवणे म्हणजे वाचण्याची सोय झाली, लिहिण्याचे काय? आपल्या जुन्या पेढीवर व्यवहार घडताच तो प्रथम रोजकीर्दीत चढे आणि सावकाशीने खतावणीत जाई, आणि खतावणी घरी राहिली म्हणून दुकानातला व्यवहार कोणी थांबवीत नसे. सुरचित ॲपही असेच वागते. प्रत्येक नोंद ते प्रथम मोबाइलमधल्या आपल्या छोट्या कोठारात लिहिते, पडद्यावर दाखवते ते याच कोठारातले, आणि पाठवावयाच्या नोंदींची रांग वेगळी ठेवते. नेट असो वा नसो, लिहिण्याची रीत एकच. हे कोठार बहुधा एसक्यूलाइट नावाचे असते. रिचर्ड हिप यांनी ते 2000 साली रचले, आणि त्याची प्रेरणा अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका कामात त्यांना मिळाली, जेथे सर्व्हरशी संबंध तुटला की सारा कार्यक्रम अडून बसे. समुद्रावरच्या त्या अडचणीवर काढलेला उपाय आज झरी-जामणीच्या जंगलपट्ट्यातल्या मोबाइलमध्येही आहे.

यापुढचा गैरसमज अधिक घातक: 'अपलोड'चे बटण दाबले म्हणजे माहिती पोहोचली. मनीऑर्डर करणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना असा भ्रम कधी नव्हता. पैसे भरल्याची पावती निराळी आणि घेणाऱ्याच्या सहीची पोच निराळी, हे त्यांना पक्के ठाऊक असे. मोबाइलने नोंद पाठवली, सर्व्हरने ती रुजू केली, आणि पोच परतताना वाटेतच नेट गेले, तर मोबाइल तीच नोंद पुन्हा पाठवणार, आणि बेसावध सर्व्हर एकाच शेताचा पेरा दोनदा धरणार. सबब प्रत्येक नोंदीला तिच्या जन्मवेळीच, मोबाइलमध्येच, सहसा 128 बिटांचा, इतर कोणाच्याही नोंदीशी न जुळणारा क्रमांक देण्याची रीत आहे, म्हणजे तीच नोंद दहादा आली तरी सर्व्हर ती एकदाच रुजू करून पोच मात्र दहा वेळा देतो. पोच हाती येईपर्यंत मोबाइलने आपली प्रत पुसू नये, ही या व्यवहारातली अव्वल अट.

आता दोघांनी एकाच नोंदीत फेर केला तर? गावात नेट नसताना एका कर्मचाऱ्याने कुटुंबातली माणसे पाच लिहिली, दुसरीने त्याच दिवशी सहा. संध्याकाळी दोन्ही मोबाइल तालुक्याला पोहोचले. 'शेवटची नोंद ती खरी' हा नियम अधिकाऱ्यांना मोहक वाटतो, कारण त्यात कोणाला विचारावे लागत नाही. पण शेवटची म्हणजे शेवटी लिहिलेली की शेवटी पोहोचलेली? आणि लिहिल्याची वेळ मोबाइलच्या घड्याळावरून घ्यावी, तर ते घड्याळ कोणीही मागे-पुढे करू शकतो. मला या बाबतीत आपल्या महसुली पद्धतीचे फार कौतुक वाटते. गाव नमुना 6 मध्ये फेरफार चढला म्हणून सातबारा लगेच पालटत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवसांची मुदत असते, हरकत आली तर प्रकरण 6-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते, आणि प्रमाणित झाल्यावरच हक्काची नोंद बदलते. ही कागदी व्यवस्था दिरंगाईसाठी बदनाम असेल, पण दोन विरुद्ध नोंदींपैकी एक गुपचूप गडप करणे तिला मंजूर नाही. ज्या ॲपात पैसा, जमीन किंवा आरोग्य यांच्या नोंदी असतील, त्यानेही दोन्ही नोंदी जपून माणसापुढे ठेवाव्यात. जिथे नुसता दूरध्वनी क्रमांक बदलायचा आहे, तिथे शेवटची नोंद खुशाल खरी मानावी.

अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंसाठी एकदाच लिहिले की काम संपले, या समजाविषयी थोडक्यात सांगतो. फेसबुकने 2015 मध्ये आणलेले रिॲक्ट नेटिव्ह काय किंवा गूगलने डिसेंबर 2018 मध्ये पहिल्या पूर्ण आवृत्तीस पोहोचवलेले फ्लटर काय, पडदे, नियम आणि कोठार यांचे लेखन दोन्हीकडे बरेचसे एकच ठेवता येते, आणि लहान संस्थेला ती मोठी बचत आहे. अशी ॲपे हटकून संथ असतात, ही मात्र अफवाच. भेद उरतो तो मोबाइलच्या स्वभावात: खिशात पडलेला मोबाइल मागच्या मागे नोंदी पाठवील हा भरवसा अँड्रॉइडच्या 2015 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून उणावला, कारण बॅटरी वाचवण्यासाठी निजलेल्या ॲपांना तेव्हापासून लगाम बसला, स्वस्त मोबाइलांचे उत्पादक तो अधिकच आवळतात, आणि आयफोन तर ॲपला केव्हा जागे करायचे हे स्वतःच ठरवतो. म्हणून आपोआप पाठवण्याची कितीही तजवीज केली, तरी माणसाने स्वतः दाबायचे बटण ठेवावेच लागते.

मोबाइलमध्ये राहिलेली माहिती असुरक्षितच, असे म्हणणारे आणि ती तिथे कायमची सुरक्षित, असे म्हणणारे, दोघेही मला भेटले आहेत. चोरांपासून तिला कूटबद्ध करून राखता येते. मालकापासून राखणे कठीण. एका संस्थेसाठी घरोघर पाहणी करणारा माझ्या ओळखीचा एक मुलगा पांढरकवड्याजवळच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, दोन दिवस राबला, मोबाइल लग्नाच्या चित्रफितींनी भरला म्हणून अडू लागला, आणि कोणीतरी सांगितले तसा त्याने ॲपचा 'डेटा क्लिअर' केला. न पाठवलेली सारी घरे त्यासरशी गेली. त्या ॲपात एक चाक तेवढे फिरत असे. किती नोंदी जायच्या राहिल्या आहेत याचा आकडा पडद्यावर कोठेच नव्हता. तो पुन्हा पोडावर गेला तेव्हा पहिल्याच घरातल्या कोलाम आजीने त्याला ओळखले, आणि परवाच तर सगळे सांगितले, आता मधे कोण मेले की कोण जन्मले, असे विचारले.