कोठी, वाडा आणि लहान पडदा

श्रीमती विजया मेहता यांचे नाव घेतले की रसिकांना मुंबईची ‘रंगायन’ आठवते. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी त्यांचा जन्म आपल्या बडोद्यात झाला, हे मात्र जुन्या बडोदेकरांनाही अनेकदा सांगावे लागते. त्या माहेरच्या जयवंत. अर्थात बडोद्याने त्यांना घडविले असा दावा करणे खरेपणाचे होणार नाही. नाट्यशास्त्राची भरतमुनींची पोथी अभिनवगुप्ताच्या टीकेसह १९२६ पासून छापून काढण्याचे श्रेय या नगरीचे. पण विजयाबाईंची तालीम झाली ती मुंबईस, इब्राहिम अल्काझी व अदी मर्झबान यांच्या हाताखाली.

१९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासमवेत त्यांनी ‘रंगायन’ उभी केली. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’, आयनेस्कोचे ‘खुर्च्या’, पुढे ब्रेख्टचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ अशी नाटके त्यांनी मराठी प्रेक्षकांपुढे आणली. दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये दिग्दर्शन त्यांचे आणि मावशीही त्याच. हा सारा इतिहास नाट्यप्रेमी घरांतून ठाऊक आहे. मला आज लिहावयाचे आहे ते त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कामाविषयी. त्याला कारण थोडे घरगुती आहे.

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात गवई होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि दरबारची चाकरी संपली. वडिलांना तबकडीचा तिटकारा होता. साडेतीन मिनिटांत राग कसा मांडावयाचा, असे ते विचारीत. खुद्द आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँसाहेबांनी तबकड्या दिल्या, हे त्यांना कोणी सुनावले तर ते म्हणत, “खाँसाहेबांचे गाणे तबकडीत मावले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.” परिणाम असा की वडिलांच्या आवाजाची एक ओळही आज उरलेली नाही. त्यांच्या बंदिशी मी शिकवितो. परंतु ‘ते समेवर कसे येत?’ असे एखाद्या शिष्याने विचारले, तर मला माझ्याच गळ्याकडे बोट दाखवावे लागते. तो गळा त्यांचा नव्हे.

अनिल बर्वे यांच्या ‘हमीदाबाईची कोठी’ची नायिका याच पंथाची आहे. कोठीत बैठकीचे गाणे चालेल, ग्रामोफोनला तेथे थारा नाही, हा तिचा बाणा. विजयाबाईंनी ते नाटक बसविले आणि हमीदाबाईही रंगविली. मौज अशी की ज्या बाईने यंत्राला दाराबाहेर उभे केले, तिचीच कथा त्यांनी १९८७ साली ‘हमीदाबाई की कोठी’ म्हणून हिंदीत दूरचित्रवाणीवर नेली. त्याच साली महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ही ‘हवेली बुलंद थी’ या नावाने पडद्यावर आले. अंगणात रुतून बसलेला तो ट्रॅक्टर, जुन्या नावावर जगणारे ते देशपांडे कुटुंब! आपल्यापैकी ज्यांनी वाड्याच्या वाटण्या पाहिल्या आहेत, त्यांना ते नाटक वऱ्हाडातले वाटणार नाही, शेजारच्या आळीतले वाटेल.

नाटकापुढे यंत्र मांडून जसेच्या तसे चित्रण करणे सोपे होते. विजयाबाईंनी ते केले नाही. १९८२ च्या ‘स्मृतिचित्रे’ या दूरचित्रपटात लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र त्यांनी लहान पडद्याच्या मापाने मांडले. त्यात त्या स्वतः नटी म्हणूनही आल्या. रंगमंचावर शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो; तेथे हात, मान, चाल सर्वच थोडे मोठे करावे लागते. कॅमेरा नटाच्या पुढ्यात येऊन बसतो, तेव्हा पापणी लवली तरी पुरे. आम्हा गवयांना हे चटकन उमजावे. दिवाणखान्यात ध्वनिवर्धकाशिवाय गाणारा गवई आवाज मोकळा फेकतो. मायक्रोफोनपुढे तोच आवाज फेकला तर श्रुती फाटते. तेथे स्वर आटोपशीर लावावा लागतो, पण राग तोच राहतो. विजयाबाईंनी माध्यम बदलताना लगाव बदलला, बंदिश बदलली नाही. गोविंद निहलानींच्या ‘पार्टी’तील (१९८४) त्यांच्या दमयंती राणे पाहा: आवाज चढत नाही, आणि तरी सारी बैठक त्यांच्या नजरेच्या धाकात आहे. ‘रावसाहेब’मधील भूमिकेबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते याच संयमाचे फळ. १९९१ साली डॉक्टरांच्या जीवनावरील ‘लाइफलाइन’ ही मालिकाही त्यांनी दिग्दर्शित केली.

मग खरे कोण, हमीदाबाई की विजयाबाई? माझ्या मते हमीदाबाईचे दुःख खरे आहे. पडद्यावर उतरते ती मैफल नव्हे. समोरच्या माणसाची दाद आणि त्या दादेने कलावंताला येणारी उभारी यंत्रात शिरत नाही. पण दिग्दर्शकाची स्थिती गवयाहूनही बिकट. गवयाची बंदिश शिष्याच्या गळ्यात थोडीफार तग धरते. नाटक बंद झाले की दिग्दर्शकाची रचना पडद्याबरोबर खाली येते. संहिता उरते, ती लेखकाची. ‘एक शून्य बाजीराव’ १९६६ साली कसे उभे राहिले हे आज ऐकूनच जाणावे लागते. उलट ‘स्मृतिचित्रे’वर आपण वाद घालू शकतो, कारण त्यात दिग्दर्शिकेचा हात दिसतो.

विजयाबाईंनी २०१२ साली ‘झिम्मा’ हे आत्मकथन लिहिले, तेही असेच जपणे आहे. आपल्या नगरीत कित्येक घरांच्या माळ्यावर हौशी नाटकांच्या आणि बैठकींच्या जुन्या फिती पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा ऐकून पाहाव्यात. माझ्या वडिलांची त्यांत एखादी तान सापडेल अशी आशा मला नाही. आणखी कोणाच्या तरी वडिलांची सापडेल.