शिकारी जागेवर नसतो तेव्हा

आश्विन सरत आला की पोंभुर्णा तालुक्यात हलक्या धानाच्या लोंब्या पिवळ्या पडतात, भारी धान अजून हिरवं असतं, आणि माणसं जागलीला जायला लागतात. कांबळं, बॅटरी, वाजवायला एखादा पत्र्याचा डबा. रानडुकरांचा कळप एकदा बांधीत शिरला की खातो थोडं आणि लोळून नासवतो जास्त. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत चिखलात जाते. ज्याने हे पाहिलेलं नाही त्याने शिकारीच्या नीतीवर बोलताना आवाज जरा खालीच ठेवावा.

पण याच दिवसांत काही बांध्यांभोवती वीतभर उंचीवर एक उघडी तार फिरते. लाकडी खुंट्या, त्यांना गुंडाळलेली तार, आणि तिचं दुसरं टोक विजेच्या लाइनवर टाकलेल्या आकड्याला. इकडे त्याला ‘करंट लावणे’ म्हणतात. करंट लावून माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. तारेला डुक्कर लागेल, रोही लागेल, चितळ लागेल, वाघ लागेल, नाहीतर पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी. काय लागलं ते सकाळी कळतं.

शिकारीची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: पूर्वीची शिकार मर्दानी, आताची भेकड. भाला आणि तीरकामठा घेऊन समोरासमोर जाणारा आदिवासी एका बाजूला. वीज, बंदूक आणि गाडी दुसऱ्या बाजूला. हे चित्र मला पटत नाही. जुन्या काळी फासे होते, जाळी होती, वरून फांद्या टाकून झाकलेले खड्डे होते, विषारी बाण होते. फासा लावणाराही रात्री घरीच झोपायचा. फाशात हरणी अडकली की तिचं पाडस, हे दोरीला कळत नव्हतं. तारेलाही कळत नाही. मग जुनं-नवं एवढ्यावर नीती कशी ठरवायची?

ताडोबाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू गोंडांचा गावप्रमुख होता, असं लोक सांगतात. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला. ताडोबा तलावाच्या काठी, झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे यात्रा भरत आली. देव झाला तो वाघाला मारणारा नव्हे, वाघाकडून मेलेला माणूस. शिकारीच्या फोटोत मेलेल्या वाघाच्या डोक्यावर पाय ठेवून उभ्या राहणाऱ्या साहेबांना हे उमगलं नसतं.

त्या साहेबांची शिकार तरी कशी होती? मचाण बांधायचं, खाली हल्या बांधायचा, वाघाने तो मारला की त्या मारलेल्या जनावरावर, म्हणजे गाऱ्यावर, बसून वाट पाहायची. नाहीतर हाका: शेकडो माणसं डबे-ढोल बडवत जंगल पिंजत पुढे यायची आणि वाघ मचाणाखाली ढकलला जायचा. धोका हाकाऱ्यांचा, वाघ साहेबाचा. स्वातंत्र्यानंतरही हे थांबलं नाही. नागपुरात ऑल्विन कूपर नावाची शिकार कंपनी होती, विद्याचरण शुक्ल यांनी काढलेली. परदेशी पाहुण्यांना ती मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीला नेत असे. देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली ती १९७० साली.

तरीही त्या शिकाऱ्यांच्या जगात एक नियम होता, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो: जखमी केलेलं जनावर सोडून यायचं नाही. गोळी बसून वाघ झुडपात शिरला, तर ज्याने गोळी झाडली त्याने पायी माग काढून त्याचा शेवट करायचा. सगळे तो पाळत नसत. न पाळल्याचा हिशेब कुमाऊँने भरला. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची वाघीण मारली, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले निघाले. कुणाच्या तरी जुन्या गोळीने. तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं मोजली गेली. गोळी झाडून निघून गेलेल्या त्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही.

आता कायद्याकडे येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आज आपण त्याला सरसकट शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखतो, पण मूळ कायद्यात परवाना काढून शिकार करण्याची सोय होती, आणि कलम १७ मध्ये ती कशी करू नये याची यादी होती. ती यादी आज वाचण्यासारखी आहे. गाडीतून, नावेतून किंवा विमानातून शिकार नाही. गाडीने जनावर पिटाळायचं नाही. रसायनं, स्फोटकं, जाळी, खड्डे, विष, फासे, सापळे नाहीत. शिकारीसाठी रान पेटवायचं नाही. बड्या जनावरावर रायफलच. वेगळी परवानगी असेल तरच एकगोळी काडतुसाची बंदूक. कृत्रिम उजेड नाही, सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही. सूट फक्त गाऱ्यावर आलेल्या मांसाहारी जनावरापुरती, तीही खास परवानगीने. पाणवठ्यावर, खारवट चाटणीवर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर शिकार नाही. तहानेचा फायदा घ्यायचा नाही, हे कायद्याने लिहून ठेवलं होतं!

या यादीत खड्डा आणि विमान एकाच रांगेत आहेत. अमेरिकेत १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनेही याच दिशेने नियम बांधले: जनावराला निसटायची खरी संधी हवी. आपल्याकडे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार बंद झाली आणि कलम १७ ही गेलं. शिकारच नाही, तर रीत कशाला? तर्क बरोबर. फक्त शिकार थांबली नाही.

एप्रिल २०१२ मध्ये पळसगावजवळ गोंडमोहाडीच्या जंगलात दोन वाघ लोखंडी जबड्याच्या सापळ्यांत अडकले, एक मेला. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या गाजलेल्या ‘जय’चा तो मुलगा, शेताच्या कुंपणातल्या करंटने गेला आणि पुरलेला सापडला. पहिल्या घटनेत धंदेवाईक शिकारी, दुसऱ्यात शेतकरी. हेतूत जमीन-अस्मानाचा फरक. पण दोन्हीकडे जनावर मेलं तेव्हा मारणारा जागेवर नव्हता.

माझ्या लेखी रेघ इथे आहे. हत्यार दगडाचं की विजेचं, हा प्रश्न दुय्यम. मारणारा समोर आहे का? काय मारतोय ते त्याला दिसतंय का? नेम चुकला तर निस्तरायला तो थांबणार आहे का?

भामरागडकडची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे माडिया आदिवासी भेटले. मारलेली माकडीण बांबूला टांगलेली, आणि तिच्या अंगाला चिकटलेलं जिवंत पिल्लू. डॉक्टरांनी ते मागून घेतलं आणि त्यातून पुढे प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. या गोष्टीत माडिया खलनायक नाहीत. भूक होती, म्हणून शिकार होती. आणि पिल्लू त्यांना दिसत होतं, म्हणून ते मागता आलं, देता आलं. तारेकडे काय मागणार?

उलट, जुनं हत्यार हाती घेतलं म्हणून माणूस सुधारत नाही. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला, तोही धनुष्यबाणाने. बाण लागल्यावर सिंह कित्येक तास जखमी फिरत होता. त्या शिकारीसाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजले गेल्याच्या बातम्या होत्या. धनुष्य एकच, माडियाच्या हातात ते पोटाचं साधन, दंतवैद्याच्या हातात हौस.

सरकारनेही वाघ मारले आहेत. माणसांचे बळी घेणारा वाघ ऑगस्ट २०१४ मध्ये याच पोंभुर्णा तालुक्यात गोळी घालून मारला गेला. कलम ११ प्रमाणे असा वाघ पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नसेल तरच मारण्याचा हुकूम देता येतो. यवतमाळच्या अवनी वाघिणीच्या मागावर हत्ती, ड्रोन, इटालियन जातीचे कुत्रे, अगदी अत्तरसुद्धा वापरून झालं. २ नोव्हेंबर २०१८ ला ती मेली ती रात्री, गाडीतून झाडलेल्या गोळीने, पशुवैद्य सोबत नसताना. कलम १७ जिवंत असतं तर परवानाधारक हौशी शिकाऱ्यालाही रात्रीची आणि गाडीची मुभा नसती. तेरा माणसं गेल्यावर तिला हटवणं भाग होतं, यावर माझा वाद नाही. पण रीत वाईट होती. याउलट, तेरा माणसांचा बळी घेतलेला सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात बेशुद्ध करून पकडला गेला. डार्ट मारणाऱ्यालाही जवळ जावं लागतं, औषध चढेपर्यंत थांबावं लागतं आणि जनावर पुन्हा शुद्धीवर येईपर्यंत हलता येत नाही. नव्यातल्या नव्या साधनातही जुना नियम पाळता येतो.

शेतकऱ्याला मात्र दोष देऊन मोकळं होता येत नाही. पीक खाणाऱ्या डुकरांना आणि रोह्यांना परवानगी काढून मारण्याची वाट राज्याने २०१५ मध्ये मोकळी केली. पण बांधीतला शेतकरी बंदूक आणणार कुठून? त्यापेक्षा सौर कुंपण बरं. त्याचं झटका मशीन थांबून थांबून ठोका देतं. जनावर दचकून पळतं, मरत नाही. लाइनवरच्या आकड्याचा प्रवाह अखंड असतो, अंगाचे स्नायू आखडतात आणि सुटता येत नाही. सौर कुंपणाला अनुदानाची योजना आहे. ते धान लोंबीवर यायच्या आत हातात पडायला हवं, कापणीनंतर नव्हे. आणि एकेकट्याला देण्यापेक्षा लागून असलेल्या बांध्यांना मिळून द्यायला हवं, नाहीतर एकाचं डुक्कर दुसऱ्याकडे जातं.

दिवाळीला गावी जाल, संध्याकाळी शेताकडे चक्कर माराल. बांधाला नव्या खुंट्या आणि उघडी तार दिसली तर ओलांडू नका, हात लावू नका. शेत ओळखीच्याचं असेल तर आधी त्याच्याशी बोला. ऐकलं नाही तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.