अंग बाहेर येणे : शस्त्रक्रिया यशस्वी, पण कुणाच्या मते?

‘अंग बाहेर येणे’ हे शब्द आपल्याकडच्या बायकांना ठाऊक असतात. ते उच्चारले मात्र जातात दबक्या आवाजात. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय, गुदाशय यांना तिचा आधार. बाळंतपणांत ती ताणली जाते. वय, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता तिला आणखी सैल करतात आणि अवयव योनिमार्गात उतरू लागतात. अशी दुखणी किती लपून राहतात, हे डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मधून दाखवले. गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

उपाय आहेत. बहुधा योनिमार्गातून गर्भाशय काढून सैल भिंती शिवतात. तरुण स्त्रीचे गर्भाशय राखून ते पट्टीने वर बांधण्याची एक पद्धत गोव्यात जन्मलेले, मुंबईत नावाजलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांची.

पण शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे ठरवायचे कसे? २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रियेला दोन वर्षे झालेल्या त्याच स्त्रियांना यशाच्या अठरा व्याख्या लावून पाहिल्या. यशाचे प्रमाण १९ टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत हलले! स्त्रियांच्या स्वतःच्या मताशी सर्वांत जुळली ती एकच गोष्ट : खाली गोळा जाणवणे थांबले का? नुसत्या मोजपट्टीचे यश त्या मताशी जुळले नाही.

गोळा गेला की चालणे, बसणे, प्रवास सुसह्य होतो. लघवी पुरती होऊ लागते. मात्र खाली उतरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्ग दुमडलेला असेल, तर तो सरळ झाल्यावर खोकताना लघवी गळणे नव्यानेच सुरू होऊ शकते. पाठदुखी थांबेलच असे नाही. काहींना शरीरसंबंधात वेदना होतात. काहींचे अंग पुन्हा उतरते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारावे, “बाई, तुम्हाला नेमके काय जमेनासे झाले आहे?” पुढच्या तपासणीत टाक्यांबरोबर त्या उत्तराचीही चौकशी व्हावी. आणि घरच्यांनीही एक पाहावे : निदान सहा आठवडे भरलेली बादली, हंडा, धान्याचे पोते तिने उचलायचे नसते. ते कोण उचलणार, हे तिला दवाखान्यात नेण्याआधीच ठरलेले असावे.